एकोणीस वर्षं प्लंबर

मी सौदीत एकोणीस वर्षं प्लंबर होतो आणि त्या एकोणीस वर्षांत मी एकाही नळाला पाना लावला नाही. हात धुवायला नळ सोडला असेल, तांदूळ धुवायला सोडला असेल, तेवढाच माझा नि नळाचा संबंध. मी स्वयंपाकी. जुबैलला आमच्या कंपनीचा कॅम्प होता. चाळीसेक माणसं, कोण बिहारचा, कोण केरळचा, कोण पेशावरकडचा, चार-पाच आम्ही कोकणातले. या सगळ्यांना दोन वेळ जेवायला घालणं हे माझं काम. पण इकाम्यावर, म्हणजे तिथं राहायचा परवाना असतो त्या कार्डावर, माझ्या फोटोखाली लिहिलेलं होतं सब्बाक. सब्बाक म्हणजे प्लंबर. मला अरबी वाचता येत नाही, त्यामुळे पहिली तीन वर्षं मला वाटायचं तिथं माझ्या बापाचं नाव आहे.

झालं होतं असं, की मुंबईत एजंटाकडे गेलो तेव्हा त्याच्याकडे व्हिसा उरला होता प्लंबरचा. त्यानं विचारलं, "तुला काय येतं?"

मी म्हटलं, "रांधता येतं. बाप जहाजावर भंडारी होता." आमच्या किनाऱ्यावर जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात.

एजंट म्हणाला, "मग झालं तर. टोपात पाणी, पाईपात पाणी. जा."

एवढीच माझी मुलाखत. शाळेपेक्षा सोपी गेली. शाळेत मी चौथीपर्यंत होतो. चौथीत दोन वर्षं होतो, म्हणजे हिशेबानं पाच वर्षं शिकलेला.

आता कोणी म्हणेल, हा फसवणूक करत होता. अहो, सगळा कॅम्पच तसा होता. कफीलाकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आपण तिथं राहतो त्या मालकाकडे, ज्या कामाचा व्हिसा शिल्लक असेल ते आपलं काम. कागदावर. आमचा ड्रायव्हर कागदावर शिंपी होता. गवंडी कागदावर माळी होता, वाळवंटात. कागदाप्रमाणे काम करणारा कॅम्पात एकच माणूस, कागदावरचा हमाल, आणि त्याची कंबर धरल्यामुळे तोही बसून असायचा.

गावातही मी प्लंबरच सांगितलं होतं. लग्न ठरताना "मुलगा सौदीला प्लंबर म्हणून चाललाय" हे कानाला बरं लागतं. रांधणारा जावई कोणाला हवाय? सासऱ्यानं तर पुढे जाऊन गावभर फोरमन सांगितलं. त्याचा परिणाम असा, की मी सुट्टीवर गेलो की शेजारी पाना घेऊन दारात उभे. मी म्हणायचो, "सौदीतले पाईप वेगळे. तिकडचा इंच वेगळा." आमच्याच मोरीतला नळ नऊ वर्षं गळत होता. बायको त्याच्याखाली बादली ठेवायची आणि चकार शब्द काढायची नाही. मला वाटायचं, बिचारीला कदर आहे, दोन महिन्यांची सुट्टी म्हणून त्रास देत नाही.

पुढे मी सांगतो ती भानगड सुरू झाली तेव्हा मी फोनवर तिला खरं सांगून टाकलं. म्हटलं, "ऐक, मी प्लंबर नाही. मी भंडारी आहे."

ती म्हणाली, "मला लग्नाच्या चौथ्या दिवशी कळलं. तुम्ही माझ्याकडे बघून बोलत होतात नि हाताखाली कांदा कापत होतात, धाग्यासारखा. प्लंबराला असा कांदा येतो?"

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"बोलले असते तर तुम्ही लाजून चुलीपासून उठला असतात. सुट्टीत तेवढंच आयतं मिळतं मला."

तर ती भानगड अशी.

सौदी सरकारनं ठरवलं, की आता नोकऱ्या आधी सौदी पोरांना. बरोबरच आहे, त्यांचा देश. ज्या कंपनीत सौदी पुरेसे ती हिरवी, ज्या कंपनीत नाहीत ती लाल, मधली पिवळी. आमची कंपनी पिवळी होती, कावीळ झाल्यासारखी. पिवळ्या कंपनीला कोणाच्या इकाम्यावरचं काम बदलून मिळत नाही. हिरवी व्हायची म्हणून मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, तीन सौदी घेतले. पहिला सकाळी येऊन सही करून जायचा. दुसरा सही करायलाही यायचा नाही. तिसरी एक मुलगी होती, पंचविशीची, आणि तिनं मोठा घोटाळा केला. ती काम करायला लागली.

तिनं कपाट उघडलं आणि आमच्या सगळ्यांच्या फायली वाचून काढल्या. एकोणीस वर्षांत त्या कंपनीत कागद वाचणारं ते पहिलं माणूस. मग एकेकाला बोलवायला लागली.

माझा नंबर आला तेव्हा माझ्या शेजारी मिस्त्री होता. मिस्त्री म्हणजे आमचा खरा प्लंबर. रत्नागिरीकडचा, साठीला टेकलेला, कॅम्पातला प्रत्येक नळ, प्रत्येक टाकी, प्रत्येक संडास त्याच्या हातचा. रात्री झोपेत विचारलं तरी कुठल्या भिंतीत कुठला पाईप ते सांगेल. कागदावर तो इलेक्ट्रिशियन. आणि आमच्यात विजेला सगळ्यात जास्त कोण घाबरतं विचाराल तर तोच. लहानपणी कुठंतरी जोराचा झटका बसला होता. त्याच्या खोलीतला बल्ब गेला तर तो मला हाक मारायचा.

मधे बोलायला साइट इंजिनियर होता, पुण्याचा, मराठी. मुलगी इंग्रजीत विचारायची, तो आम्हाला सांगायचा.

"काका, ती विचारते, तुम्ही प्लंबर ना?"

"हो."

"मग बनियनवर हळद कसली?"

मी म्हटलं, "साहेब, सांगा गंज आहे. पाईपाचा."

"काका, मी असलं काही सांगणार नाही."

त्यानं काय सांगितलं देव जाणे, पण ती हसली नाही. तिनं नवा नियम सांगितला. आता इकामा रिन्यू करायचा तर कार्डावर जे काम लिहिलंय त्याची परीक्षा द्यायची. अर्धी कॉम्प्युटरवर, अर्धी हातानं. नापास झालात तर अजून एक संधी. परत नापास, तर खुरूज. खुरूज म्हणजे पासपोर्टवर कायमचा घरी जायचा शिक्का. माझा इकामा दोन महिन्यांत संपत होता. मिस्त्रीचाही.

माझी मुलगी तेव्हा नर्सिंगला होती. दोन वर्षं बाकी. ती तिकडे परीक्षा देत होती कारण मी इकडे रांधत होतो. मी परत गेलो तर तिचं शिक्षण तिथंच बसणार, याबद्दल घरात कोणाला काही सांगायची गरज नव्हती. एवढंच होतं बघा सगळं. दोन वर्षं. बाकीच्या गमजा सोडा.

मग तिनं शेवटचा प्रश्न विचारला. इंजिनियर माझ्याकडे बघेना. म्हणाला, "काका, ती विचारते, आजपर्यंत या कॅम्पात प्लंबिंग कोण करतं?"

खरं उत्तर माझ्या शेजारी उभं होतं. वीतभर अंतरावर. मी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री वर पंख्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "अना." म्हणजे मी. अरबीतले मला जे पंधरा-वीस शब्द येतात त्यातला सगळ्यात सोपा.

तिनं ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली, की हा गृहस्थ एकोणीस वर्षं इथं प्लंबिंग करतो. मी सही मराठीत करतो. तिनं ती उलटी धरून बघितली.

बाहेर आल्यावर मी मिस्त्रीला म्हटलं, "चुकलं माझं. माफ करा."

"बरं केलंस. खरं बोलला असतास तर दोघंही गेलो असतो. आता एक तरी राहील."

"कोणता?"

"बघू," मिस्त्री म्हणाला. "माझ्या बाजूनं वीज आहे, तुझ्या बाजूनं अक्कल नाही."

पुण्याचा इंजिनियर चांगला होता. त्यानं आधी कॅनडात शिकून बघितलं होतं. तो आम्हाला जेवताना सांगायचा, की तिकडे डिग्री घेतली की तीन वर्षं काम करायचा परवाना देतात, मग मालकानं नीट चिठ्ठी दिली, नोकरीचे गुण जमले, की कायमचं राहायचं कार्ड.

मी विचारलं, "कायमचं म्हणजे किती वर्षं?"

"काका, कायमचं म्हणजे कायमचं."

"मग तुम्ही इथं कसे?"

त्यानं ताटातला भात चिवडला. त्याच्या मालकानं चिठ्ठीत काम वेगळंच लिहिलं होतं. तो करायचा इंजिनियरचं, चिठ्ठीत लिहिलं ऑफिस मदतनीस. गुण कमी पडले, परवाना संपला, साहेब जुबैलला. मला फार बरं वाटलं. माणूस शिकला तरी कागद त्यालाही तेवढाच खातो हे कळलं की अडाण्याला जरा गार वाटतं. तो म्हणाला, "काका, ही परीक्षा म्हणजे तुमची डिग्री समजा." मी म्हटलं, डिग्रीच्या आधीच एकोणीस वर्षं नोकरी झाली, आता उलटीकडून कॉलेज. सौदीतही आता कायमचं कार्ड मिळतं म्हणे, पण ते श्रीमंतांना. आम्ही दर वर्षी नव्यानं तात्पुरते.

जुम्म्याची नमाज झाली, लोकांना जेवायला घातलं, की मागच्या अंगणात आमची शाळा भरायची. मिस्त्री मला प्लंबिंग शिकवणार, मी नि इंजिनियर मिळून मिस्त्रीला वीज शिकवणार.

माझ्या शाळेचं काय सांगू. मिस्त्रीनं हातात पाना दिला, मी तो पळीसारखा धरला.

"ढवळू नकोस, गाढवा. फिरव."

फिरवला.

"उलटा."

"तुम्ही म्हणालात फिरव."

"फिरव म्हटलं म्हणजे कसाही? तू भात उलटा शिजवतोस का?"

पाईपाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची असते, पाणी झिरपू नये म्हणून. ती घड्याळाच्या दिशेनं गुंडाळायची. माझं घड्याळ डिजिटल. दोन जुम्मे त्यात गेले. तिसऱ्या जुम्म्याला त्यानं एक सांधा मला एकट्याला करायला दिला आणि तो चहा प्यायला गेला. सांधा गळायला लागला. मी घाबरलो, टेप सापडेना. आम्ही बिर्याणीला दम देताना झाकणाच्या कडेला कणीक लावतो, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून. मी आत गेलो, गोळा मळला आणि सांध्याला चोपडला. गळायचं थांबलं हो! मिस्त्री आला, बघून खूश. पाठीवर थाप मारली. मग वास घेतला. मग बोट लावलं. मग मला जे बोलला ते मी लिहू शकत नाही, कारण हे माझी मुलगी वाचणार आहे.

मिस्त्रीच्या शाळेत मी मास्तर होतो, त्यामुळे तिचं जे झालं ते होणारच होतं. इंजिनियरनं एका फळीवर बटण, बल्ब, वायर असं मांडून दिलं. करंटच नव्हता त्यात. मिस्त्री तरी त्या फळीपासून दोन हात लांब बसायचा, कुत्र्याजवळ बसतात तसा.

"मिस्त्री, यात काही नाही. मेलेली वायर आहे."

"मेलेला साप पण चावतो."

"हे बघा, मी धरतो."

"तू धर. तू मेलास तर जेवण बनवायला दुसरा मिळेल. मी मेलो तर संडास तुंबतील."

त्याचं हे म्हणणं सगळ्या कॅम्पाला पटलं. कोणीही माझी बाजू घेतली नाही. माझं जेवण जेवता जेवता घेतली नाही.

परीक्षेला आम्हाला एकाच दिवशी बोलावलं. सकाळी कंपनीच्या बसनं दम्मामला गेलो. मी धुतलेला शर्ट घातला होता, हळद नव्हती, पण लसणाचा वास साबणानं जात नाही.

कॉम्प्युटरची परीक्षा हिंदीत होती. मला वाटलं, चला, हिंदी तर रोज बोलतो. स्क्रीनवर आलं, 'अपशिष्ट जल निकास में दुर्गंध अवरोधक का प्रयोजन'. माझ्या बाजूला एक बिहारी बसला होता, जन्मापासून हिंदी बोलणारा. त्यानं कपाळावर हात मारला आणि इंग्रजी बटण दाबलं. मला तर तेही दाबता येईना. मग चित्र बघितलं, बेसिनखालचा वाकडा पाईप. ते मिस्त्रीनं शिकवलं होतं. तिथं पाणी साठून राहतं म्हणून घाण वास वर येत नाही. जिथं चित्र नव्हतं तिथं इंजिनियरचा सल्ला ऐकला, सगळ्यात लांब उत्तरावर बोट ठेवायचं. त्या हिशेबानं काठावर का होईना, पास झालो. शिकलेली माणसं इतकं लांब का बोलतात ते मला त्या दिवशी समजलं.

हाताच्या परीक्षेला एक सौदी तरुण होता, तांत्रिक शाळेत शिकलेला, स्वतःच्या कामात हुशार. सकाळपासून आमच्यासारखे बघून कंटाळलेला. मला बेसिन जोडायला दिलं, खाली तो वाकडा पाईप, मागे दोन सांधे. मी बिस्मिल्ला म्हटलं. पाना पळीसारखा धरू नकोस, हे मनात घोकलं. टेप गुंडाळली, दिशा देवावर सोडली. सगळे फटाफट करत होते. मी सावकाश, कारण मला फटाफट येतच नाही. झालं. पाणी सोडलं.

आता सांधा नीट झालाय की नाही ते बघायचं होतं. मला कसं बघायचं ते आठवेना. मग एकोणीस वर्षांची सवय आडवी आली. देगचीचा दम बसलाय की नाही ते मी झाकण उघडून बघत नाही, कान लावतो. आत खदखद वेगळी लागते, तळ धरलेला वेगळा लागतो. मी वाकलो, सांध्याला कान लावला आणि डोळे मिटले. खरं सांगू, मला आत काहीच कळत नव्हतं. पण डोळे उघडायची भीती वाटत होती.

तो सौदी तरुण माझ्या बाजूला येऊन थांबला. त्यानं हात वर करून बाकीच्यांना गप्प केलं. सगळा हॉल शांत. आणि मी एक प्लंबर, पाईप ऐकतोय. मला अरबी येत नाही, पण "शूफ" येतो, म्हणजे बघा. तो सगळ्यांना म्हणत असणार, बघा, याला म्हणतात जुना कारागीर. पाणी कानानं ओळखतो.

मी डोळे उघडले. सांधा कोरडा होता. तो का कोरडा होता ते मला आजही माहीत नाही. त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला, कागदावर खूण केली, आणि मग जरा नाक वर करून वास घेतला.

मी नाचत बाहेर आलो. मिस्त्री आधीच बाकावर बसला होता.

"झालं?"

"झालं. तुमचं?"

"त्याला म्हटलं, मेन बंद कर. म्हणाला, बंद आहे. म्हटलं, परत बघ. त्यानं परत बघितलं. म्हटलं, हातमोजे दे. दिले. म्हटलं, अजून एक जोडी दे. तेव्हा म्हणाला, बाबा, वेळ संपला."

दहा-बारा दिवसांनी त्याची दुसरी संधी होती. त्या वेळी त्यानं हात लावला. डोळे मिटून का होईना, सगळं जोडलं. फक्त बटण चालू केलं की बल्ब जायचा आणि बंद केलं की लागायचा. परीक्षा घेणाऱ्यानं मान हलवली. मिस्त्री म्हणाला, "पण लागला की नाही? मला फक्त एवढं सांग, लागला की नाही?"

त्याचं सामान बांधायला मी गेलो. काही मोठं बोलावं असं फार वाटत होतं, पण मला मोठं बोलता येत नाही, आणि जे बोलायला पाहिजे होतं ते मी ऑफिसात एका शब्दात उलटं बोलून आलो होतो. तो पाने, पकडी, करवत, सगळं एकेक करून बॅगेत भरत होता. मी म्हटलं, "मिस्त्री, एखादा पाना तरी ठेवा."

"तुला कशाला? तू चिमट्यानं करशील."

आणि खरोखर सगळं घेऊन गेला.

त्यानंतर त्या मुलीनं मला बोलावलं. इंजिनियर होताच. ती म्हणाली, अभिनंदन, इकामा एक वर्षानं वाढला. मी शुक्रिया, शुक्रिया करत उठलो. तिनं हातानं खुणावून बसवलं. म्हणाली, आता तपासणीवाले येतात आणि बघतात की माणूस कार्डावरचंच काम करतोय का. प्लंबर चुलीपाशी सापडला तर कंपनीला दंड. म्हणून स्वयंपाकघर बाहेरच्या केटरिंगवाल्याला दिलं. तू रविवारपासून प्लंबर.

मी म्हटलं, "साहेब, हिला सांगा, मी स्वयंपाकी आहे. खरा."

इंजिनियरनं सांगितलं. तिनं फाईल उघडली, एक कागद माझ्याकडे फिरवला आणि खालच्या मराठी सहीवर बोट ठेवलं. आता तिला ती सुलटी धरता येत होती.

रविवारपासून कॅम्पाला पुठ्ठ्याच्या डब्यातून जेवण यायला लागलं. भात वेगळा, वरण वेगळं, आणि दोघांची ओळख नाही असं. चाळीस माणसं डबा उघडायची, आधी डब्याकडे बघायची, मग माझ्याकडे. पेशावरवाला म्हणाला, "चाचा, आप पास क्यों हो गए?"

आणि पहिली तक्रार आली ऑफिसातूनच. बायकांच्या बाथरूमचं बेसिन. मी कंपनीचा नवा पाना घेऊन गेलो, दार लावून घेतलं, फोनवर व्हिडिओ लावला आणि रत्नागिरीला मिस्त्रीला धरलं. तो पडवीत बनियनवर बसला होता, पाठीमागे कोंबड्या.

"दाखव. जवळून दाखव. मला तुझी नाकपुडी दिसते, बेसिन दाखव."

दाखवलं.

"ती मोठी चकती, तिला धर. डावीकडं. डावीकडं रे! जेवतोस तो हात उजवा, त्याच्या उलट."

अर्धा तास तो तिकडून ओरडत होता आणि मी इकडे फिरवत होतो. त्याची बायको मधेच म्हणाली, "अहो, जोरात कोणावर ओरडताय?" तो म्हणाला, "सौदीच्या सर्टिफाइड प्लंबरावर." शेवटी गळायचं थांबलं. मी घाम पुसत दार उघडलं तर ती मुलगी समोर उभी. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. तिनं फोनकडे बघितलं. मिस्त्रीनं तिथून सलाम केला.

तिनं त्याला ओळखलं. फाईल वाचणारं माणूस, फोटो विसरत नाही. मग तिला मोडकंतोडकं हिंदी येतं हे मला पहिल्यांदा कळलं. म्हणाली, "इसको पूछो, ऊपर वाला नल भी खराब है."

मी फोन तिच्यासमोर धरला. मिस्त्रीनं बनियन नीट केलं, सरळ बसला, आणि अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, नल का काम हमको नहीं आता. हम इलेक्ट्रिशियन हैं."

आणि फोन ठेवला.

मी परत लावला, उचलला नाही. तीनदा लावला. मुलगी जिन्याकडे हात करून तशीच उभी. मग मी पाना घेतला आणि एकटा वर गेलो. तो नळ मी माझ्या अकलेनं बसवला. घट्ट बसवला. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर मुदीरच्या टेबलावर छतातून पाणी पडायला लागलं, आणि मुदीरनं सगळ्या ऑफिसला विचारलं, "प्लंबर कुठाय?"

मी हात वर केला. दुसरं कोण होतं?